फ्लाय लाईन खराब झाली तर: दुरुस्ती कुठवर करायची आणि नवी कधी घालायची

फ्लाय फिशिंगमध्ये, म्हणजे गळावर बांधलेली कृत्रिम माशी (फ्लाय) फेकून मासे धरताना, जी जाड दोरी फेकली जाते ती फ्लाय लाईन. या लाईनला चीर दिसली की बहुतेक जण दोनपैकी एक गोष्ट करतात. एक तर तिथल्या तिथे कापून गाठ मारतात, नाही तर सुपरग्लूचा थेंब सोडून मोकळे होतात. कापल्याने टेपर (टोकाचा निमुळतेपणा) जातो आणि सुपरग्लूने चीर दोन बोटं पुढे सरकते. याच्या उलटही घडतं. सहज वाचली असती अशी लाईन टाकून देऊन लोक नवी विकत घेतात, आणि ज्या कारणाने जुनी गेली तेच कारण नव्या लाईनचीही वाट लावतं.

इजा किती मोठी दिसते यावर फारसं काही ठरत नाही. ती लाईनच्या कोणत्या भागात आहे आणि गाभ्यापर्यंत पोचली आहे का, या दोन प्रश्नांवर सगळा निर्णय उभा आहे. त्यामुळे आधी धुवायचं, मग इजा शोधायची, गाभा तपासायचा, निर्णय घ्यायचा आणि कात्री त्यानंतर हातात धरायची.

कामापुरती रचना लक्षात ठेवा. आत गाभा असतो, बहुधा विणलेल्या नायलॉनचा आणि काही लाईनमध्ये एकेरी मोनोफिलामेंटचा. लाईनची ताकद या गाभ्यात असते. त्यावर पीव्हीसीचं किंवा पॉलियुरेथेनचं आवरण असतं. वजन, जाडी, निमुळतेपणा आणि तरंगणं हे सगळं आवरण सांभाळतं. तरंगत्या लाईनच्या आवरणात काचेचे सूक्ष्म पोकळ गोळे मिसळलेले असतात, तर बुडणाऱ्या लाईनमध्ये टंगस्टनची पूड. आवरण गेलं तर फेक बिघडते. गाभा गेला तर लाईन ऐन ओढाओढीत तुटते.

टप्पा १: सामान आणि जागा

दिवसा, भरपूर उजेडात आणि खिडकी उघडी ठेवून बसा. खाली फिक्या रंगाची चादर अंथरा. गडद चादरीवर बारीक चिरा दिसत नाहीत.

जवळ हवं ते असं: कोमट पाण्याचं पसरट भांडं, सौम्य साबण, दोन मऊ कापडं, कापूस, आयसोप्रोपिल अल्कोहोल, धारदार ब्लेड, मोजपट्टी, न पुसला जाणारा मार्कर, लवचीक राहणारा युरेथेन गोंद किंवा अतिनील प्रकाशाने सुकणारं लवचीक रेझिन, पारदर्शक हीट-श्रिंक (उष्णतेने आवळणाऱ्या) नळीचे दोन-तीन तुकडे, लायटर किंवा हॉट एअर गन, आणि नेल नॉट या गाठीसाठी बारीक पोकळ नळी. सामान तोलायचा हातकाटा असेल तर तोही घ्या, पुढे उपयोगी पडेल.

जुन्या, टाकून दिलेल्या लाईनचा हातभर तुकडा मिळाला तर सर्वांत उत्तम. लूप (टोकाचा फासा) वेल्ड करायचा, म्हणजे उष्णतेने जोडायचा, पहिला प्रयत्न चांगल्या लाईनवर करू नये, हे मी आग्रहाने सांगेन.

टप्पा २: आधी धुवा

मळ आणि चीर दिसायला सारखीच असतात. शेवाळाची काळी रेघ चीर समजून लोकांनी धडधाकट लाईन कापलेली आहे.

रीलवरून लाईन बॅकिंगच्या (लाईनमागे रीलवर गुंडाळलेल्या बारीक दोरीच्या) गाठीपर्यंत सोडा आणि मोठ्या सैल वेटोळ्यांत भांड्यात ठेवा. कोमट पाण्यात सौम्य साबणाचे दोन-चार थेंब पुरे. दहा मिनिटांनी लाईन कापडाच्या चिमटीतून सावकाश ओढा, मग साध्या पाण्यातून काढून दुसऱ्या कापडाने पुसा. कडक डिटर्जंट, रॉकेल, पेट्रोल, थिनर यांना हात लावू नका. पीव्हीसीला मऊ ठेवणारी द्रव्यं त्यांच्यामुळे निघून जातात आणि आवरण ठिसूळ होतं. डीट हे रसायन असलेलं कीटकरोधक आणि सनस्क्रीनही आवरणाला असाच त्रास देतात. हाताला लावलं असेल तर आधी हात धुवा.

> तपासा: पुसताना कापड एखाद्या ठिकाणी अडकलं तर तिथेच मार्करने लाईनशेजारी चादरीवर खूण करा. त्या जागी नखाने कुरतडू नका.

टप्पा ३: इजा शोधा आणि गाभा तपासा

घाईने करू नये असा टप्पा हाच. लाईन दोन्ही हातांच्या अंगठा-तर्जनीत धरून साधारण तीन सेंटिमीटर व्यासाचा वळसा करा. तो वळसा लाईनवरून हळूहळू पुढे सरकवत न्या. वळशाच्या बाहेरच्या कडेला आवरण ताणलं जातं, त्यामुळे सरळ लाईनवर न दिसणारी केसाएवढी चीर तिथे तोंड उघडते. चीर उघडल्यावर आत पाहा. आवरणाचाच रंग दिसला तर इजा वरवरची आहे. पांढरे तंतू दिसले तर गाभा उघडा पडला आहे.

गाभा उघडा पडला म्हणजे तुटला असं नाही. त्यासाठी त्या जागेच्या दोन्ही बाजूंना, एकेक फूट अंतरावर, लाईन कापडात गुंडाळून दोन-तीन वेढ्यांनी हातात धरा आणि झटका न देता ओढा. हातात दम लागेल इतकी ओढा. जागा बारीक होत गेली, एखादा तंतू सुटला किंवा कटकट आवाज आला तर गाभा गेला. उघड्या हातावर वेढे घेऊन ओढू नका, लाईन कातडीत रुतते.

आता जागा मोजा. सर्वांत जास्त प्रचलित असलेल्या वेट फॉरवर्ड (वजन पुढच्या भागात असलेल्या) लाईनची एकूण लांबी साधारण २७ मीटर असते. पुढचे सुमारे १० ते १२ मीटर म्हणजे हेड, म्हणजेच निमुळतं टोक, जाड पोट आणि मागचा उतार. उरलेली सगळी बारीक रनिंग लाईन. काही लाईनमध्ये हेड याहून बरंच लांब असतं, तेव्हा हाताला जाडी बदललेली कुठे जाणवते ते बघून खूण करा. इजा टोकापासून किती अंतरावर आहे ते लिहून ठेवा.

> थांबा: इजा एकाच ठिकाणी आहे की सगळ्या लाईनभर बारीक तडे आहेत? सगळीकडे तडे असतील आणि लाईन बोटांना कोरडी, खरखरीत लागत असेल तर आवरणाचं वय झालं. एक जागा भरली की शेजारची फुटेल. सरळ टप्पा ८ वर जा.

टप्पा ४: निर्णय

इजा पहिल्या अर्ध्या मीटरमध्ये असेल तर टोक कापून नवा लूप करा. बहुसंख्य इजा इथेच सापडतात, कारण लीडरच्या (लाईन आणि फ्लाय यांमधल्या बारीक दोऱ्याच्या) गाठीमागे लाईन प्रत्येक फेकीत एकाच ठिकाणी वाकते. लीडर न लावता सराव करणाऱ्यांच्या लाईनचंही टोकच फुटतं. चाबकासारखा झटका बसून तिथलं आवरण तडकतं.

हेडच्या मधोमध फक्त आवरणाला चीर असेल तर ती भरा. तिथे गाभा तुटला असेल तर लाईन बदला. यावर बरेच जण वाद घालतात, पण माझं मत ठाम आहे. लाईनचा क्रमांक तिच्या पुढच्या ९.१ मीटरच्या वजनावर ठरतो. ५ क्रमांकाला ते प्रमाण १४० ग्रेन म्हणजे सुमारे ९.१ ग्रॅम आहे, तर ८ क्रमांकाला २१० ग्रेन म्हणजे सुमारे १३.६ ग्रॅम. याच भागात जोड घातला तर वजनाची वाटणी बिघडते, जोड कडक राहतो आणि फेकीचा वळसा तिथे मोडतो. शिवाय जोड प्रत्येक फेकीला गाईडमधून (रॉडवरच्या कड्यांमधून) आत-बाहेर करणार.

रनिंग लाईनमध्ये गाभा तुटला असेल तर बदलण्याची घाई करू नका, टप्पा ७ वाचा. लाईन डबल टेपर असेल तर तुमच्याकडे दुसरी संधी तयारच आहे. ती दोन्ही टोकांना सारखीच असते. उलटी करून गुंडाळा, खराब अर्धा भाग मागे जाईल. त्याआधी मागे जाणाऱ्या भागात गाभा शाबूत आहे याची खात्री करा.

टप्पा ५: आवरणाची चीर भरणं

1. चिरेच्या दोन्ही बाजूंचा दोन-तीन सेंटिमीटर भाग आयसोप्रोपिल अल्कोहोलचा किंचित ओला बोळा फिरवून पुसा. लाईनवर आधी सिलिकॉनचं ड्रेसिंग (लाईनला चोपडायचा लेप) लावलेलं असेल तर या पुसण्याशिवाय गोंद धरणारच नाही. बोळा एकदाच फिरवा, लाईन अल्कोहोलमध्ये भिजवू नका.
2. अर्धा तास सुकू द्या. उघड्या गाभ्यात पाणी मुरलेलं असेल तर रात्रभर. ओल्या विणीवर लावलेला गोंद वरवर सुकतो आणि आतून सुटतो.
3. लाईन हलकी वाकवून चीर उघडा, काडीच्या टोकाने गोंद आत भरा, मग लाईन सरळ करा. जास्तीचा गोंद ओल्या बोटाने दोन्ही बाजूंना पसरवून निमुळता करा.
4. लाईन सरळ ताणून टांगा. युरेथेन गोंदाला रात्रभर वेळ द्या. रेझिन असेल तर लाईन फिरवत सगळ्या बाजूंनी प्रकाश द्या.

सुपरग्लू इथे चालत नाही. तो काचेसारखा कडक सुकतो, भरलेली जागा वाकत नाही आणि तिच्या दोन्ही कडांना नवी चीर पडते. नेल नॉटवर एक थेंब ठीक आहे, चिरेत नको.

> तपासा: सुकल्यावर टप्पा ३ मधला वळसा त्याच जागेवरून पुन्हा फिरवा. जागा बाकीच्या लाईनइतकीच गोल वाकली पाहिजे. कोन पडत असेल तर थर जाड झाला आहे, ब्लेडने खरवडून पुन्हा करा.

टप्पा ६: टोक कापून नवा लूप वेल्ड करणं

इजेच्या मागे एक सेंटिमीटरवर कापा, जास्त नाही. एकूण कापलेली लांबी अर्ध्या मीटरच्या आत राहिली तर फेकीत फरक सहसा जाणवत नाही. त्यापुढे कापत गेलात की निमुळतं टोक संपत येतं आणि फ्लाय पाण्यावर अलगद उतरायच्या ऐवजी आपटते. दर मोसमाला थोडं थोडं कापणाऱ्यांनी कापलेली लांबी रीलच्या डबीत लिहून ठेवावी. आठवणीवर हा हिशेब राहत नाही.

1. टोक तिरकं कापा, म्हणजे दुमडल्यावर तिथे पायरी तयार होणार नाही.
2. साधारण चार सेंटिमीटर लांबीची हीट-श्रिंक नळी आधी लाईनवर ओवा. लूप दुमडून झाल्यावर ही नळी आठवणारे खूप आहेत.
3. टोक तीन-चार सेंटिमीटर मागे दुमडा, पाच-सहा मिलिमीटरचा लूप बाहेर ठेवा आणि नळी दोन्ही पदरांवर ओढा. तिरकं टोक नळीच्या आतच संपलं पाहिजे. नळी दोन्ही पदरांवर जेमतेम बसेल इतकीच जाड घ्या. सैल नळी दाब देत नाही आणि पदर नीट जुळत नाहीत.
4. नळीच्या मधोमध उष्णता द्यायला सुरुवात करा आणि लाईन सतत फिरवत राहा. लायटर वापरत असाल तर ज्योत दोन-तीन सेंटिमीटर खाली, नळीला न टेकवता. आधी नळी आवळेल. मग पारदर्शक नळीतून पाहत राहा. दोन पदरांमधली रेघ पुसट होते, आवरण चमकू लागतं आणि दोनाचा एक पदर दिसतो. त्याच क्षणी उष्णता काढा.
5. गरम असतानाच जाड कापडाच्या घडीत धरून सपाट पृष्ठभागावर हलकेच लाटा. जोड गोल होतो.
6. पूर्ण गार होऊ द्या. नंतर लूपच्या बाजूने नळीला ब्लेडची छोटी खाच द्या, ब्लेडची धार लाईनच्या उलट दिशेला ठेवून, आणि नळी सोलून काढा. इथे ब्लेड आत घुसलं की सगळी मेहनत पहिल्यापासून.

नायलॉनचा गाभा प्रकारानुसार २२० अंश सेल्सियसपासून पुढे वितळतो, आवरण त्याच्या बरंच आधी. हातात असलेली मोकळीक एवढीच. आवरण तपकिरी झालं किंवा बुडबुडे आले तर गाभ्यालाही धग लागली असं समजा, कापा आणि पुन्हा करा. बाहेरून छान दिसणारा जळका लूप पहिल्या मोठ्या माशाला सुटतो.

> सावधान: पीव्हीसी जळल्यावर हायड्रोजन क्लोराइडचा झोंबरा वायू निघतो. खिडकी उघडी हवी, तोंड लाईनवर झुकवू नका. अॅसिटोन, अल्कोहोल आणि त्यांचे बोळे लायटर पेटवायच्या आधी दुसऱ्या खोलीत ठेवा.

लूपची परीक्षा हातकाट्यावर घ्या. लूपमध्ये जाड मोनोफिलामेंट अडकवा, लाईन कापडात धरा आणि तुम्ही वापरता त्या टिपेटच्या (लीडरच्या शेवटच्या, सर्वांत बारीक दोऱ्याच्या) ताकदीच्या किमान दुप्पट ताण सावकाश द्या. सगळ्या जोडणीत आधी तुटायला हवं ते टिपेट. पदर एकमेकांवरून जराही सरकले तर लूप नापास.

शेवटी जिथे तिरकं टोक आवरणात मिसळलं तिथे, आणि लूपमध्ये कुठे तंतू दिसत असतील तर तिथेही, लवचीक गोंदाचा पातळ थर द्या. विणलेला गाभा उघड्या टोकातून पाणी आत ओढतो. तरंगत्या लाईनचं टोक तासाभरात बुडायला लागतं त्यामागे बऱ्याचदा एवढंच कारण असतं, आणि लोक मात्र ड्रेसिंगवर ड्रेसिंग लावत बसतात.

वेल्ड जमत नसेल तर दुमडलेल्या पदरांवर फ्लाय बांधायच्या धाग्याने घट्ट, एकाला एक लागून वेढे घ्या आणि वर लवचीक गोंद लावा. दिसायला जाड, पण भरवशाचा लूप होतो.

टप्पा ७: रनिंग लाईन तुटली असेल तर

तुटलेली जागा मागच्या टोकापासून किती आत आहे ते पाहा. चार-पाच मीटर असेल तर तेवढा भाग काढून टाका आणि बॅकिंग नव्या टोकाला बांधा. २७ मीटरची लाईन २२ मीटरची झाली तरी १५ मीटरवर फेकणाऱ्याचं काही बिघडत नाही. जोड नाही, गाठ नाही, गाईडमध्ये अडकणं नाही. इतका सोपा उपाय असताना लोक जोड घालायला का बसतात ते मला कळत नाही.

इजा हेडच्या जवळ असेल तर दोन्ही टोकांना टप्पा ६ प्रमाणे छोटे लूप करून एकमेकांत अडकवता येतात. गाईडमधून जाताना खडखड होईल, ते त्या दिवसापुरतं चालवून घ्यावं. दोन टोकं नुसती शेजारी ठेवून वेल्ड केलेला सरळ जोड मात्र भरवशाचा नाही. तो केवळ आवरणाच्या चिकटण्यावर टिकतो, गाभ्याला गाभा धरत नाही. मोठ्या माशामागे जाताना तो रीलवर असू नये.

टप्पा ८: नवी लाईन घालणं

जुनी का गेली ते आधी शोधा. कापसाचा बोळा प्रत्येक गाईडमधून ओढा, टोकाच्या गाईडमधून दोनदा. कापसाचा तंतू जिथे अडकेल तिथे खाच आहे, आणि तीच खाच नवी लाईनही कापेल. तो गाईड आधी बदला.

बॅकिंग सगळं सोडून पाहा. ओलं गुंडाळलेलं डॅक्रॉन (बॅकिंगचा पॉलिएस्टर दोरा) आतल्या थरांत कुजकट वास देतं किंवा डागाळलेलं दिसतं. मीटरभर घेऊन ओढा, तुटलं तर बदला. चांगलं असेल तर वाळवून पुन्हा गुंडाळा, बोटांमधून ताण देत आणि स्पूलच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत तिरकं. सैल गुंडाळलेल्या बॅकिंगमध्ये मासा पळताना वरचे वेढे खालच्या थरांत रुतून बसतात. नवं बॅकिंग स्पूलला आर्बर नॉटने बांधा.

नव्या लाईनच्या चकतीवर रीलकडचं टोक कोणतं याचं लेबल असतं. ते लेबल बॅकिंगची गाठ बांधून होईपर्यंत काढू नका. वेट फॉरवर्ड लाईन उलटी गुंडाळली की जाड हेड रीलच्या तळाशी जातं आणि हातात नुसती बारीक लाईन येते. मग रॉड नीट फेकत नाही अशी तक्रार सुरू होते.

मागच्या टोकाला तयार लूप असेल तर बॅकिंगला दुहेरी सर्जन नॉटने लूप करा, लाईनची चकती त्यातून आरपार जाईल एवढा मोठा. नसेल तर नेल नॉट:

1. लाईनचं टोक, बारीक नळी आणि बॅकिंग शेजारी शेजारी धरा. बॅकिंगची पंचवीस-तीस सेंटिमीटरची मोकळी शेपटी लाईनच्या अंगाकडे सोडा.
2. ती शेपटी लाईन, नळी आणि बॅकिंग या तिघांभोवती लाईनच्या टोकाच्या दिशेने सहा-सात वेळा गुंडाळा. वेढे एकाला एक लागून, एकही दुसऱ्यावर चढता कामा नये.
3. शेपटी नळीतून उलट दिशेला काढा, वेढे चिमटीत घट्ट धरून नळी सरकवून काढा.
4. गाठ ओली करा, बॅकिंगची दोन्ही टोकं हळूहळू ओढत वेढे आवरणात बसवा. मग लाईन आणि बॅकिंग विरुद्ध दिशांना ओढून पाहा. शेपटी जवळून कापा आणि गाठीवर लवचीक गोंदाचा लहानसा थर द्या.

लाईन गुंडाळताना चकतीच्या मध्यातून पेन्सिल घालून कोणाला तरी धरायला सांगा, म्हणजे चकती चाकासारखी फिरत राहील. चकती जमिनीवर आडवी टाकून वेटोळी ओढून घेतली तर प्रत्येक वेढ्याबरोबर एक पीळ लाईनमध्ये जातो, आणि पुढे पाण्यावर तिचे गुंते होत राहतात.

> तपासा: लाईन पूर्ण गुंडाळल्यावर रीलच्या कडेपर्यंत पाच-सहा मिलिमीटर मोकळी जागा उरली पाहिजे. घासत असेल तर बॅकिंग कमी करा. घासणारी लाईन पहिल्याच दिवशी सोलली जाते.

शेवटचं काम लीडरचं. लीडरचा लूप लाईनच्या लूपवर घाला, लीडरचं दुसरं टोक लाईनच्या लूपमधून काढा आणि दोन्ही बाजूंनी सारखं ओढा. दोन लूप एकमेकांत चौकोनी अडकलेले दिसले पाहिजेत. एक लूप दुसऱ्याच्या मानेवर आवळला गेला असेल तर सोडवून पुन्हा करा. तसा आवळलेला लीडर नवं आवरण कापतो आणि तुम्ही परत टप्पा ६ वर येता.

पाण्यावर पोचल्यावर पहिल्या फेकीआधी दहा-बारा मीटर लाईन काढून हाताने हलका ताण द्या. रीलवरची वेटोळी सरळ होतात आणि लाईन गाईडमधून अडखळत नाही.